तपासणी फुकट आहे, मग बायका काहून जात नाहीत?

भाऊ, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी फुकट होते, आशाताई घरोघरी सांगतात, तरी बायका जात नसतील तर तो त्यांचा निष्काळजीपणा, यात मी अन्याय कुठून काढला.

फुकट म्हणजे तपासणीचे पैसे वाचले, एवढंच हो. दिवस कोण भरून देणार? आपल्या नागपुरात धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणारीची कामाची वेळ सकाळची अन् ओपीडीपण सकाळचीच, हिंगण्याच्या एमआयडीसीत रोजीवर जाणारीची सुट्टी म्हणजे त्या दिवसाची रोजीच गेली, अन् एवढं करून पोचली तरी पडद्याआड तपासणारी बाई असेल का माणूस, हे तिला आधी कोणी सांगत नाही.

2016 पासून सरकारचंच धोरण आहे, 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी तपासणी. अन् 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या 2 टक्क्यांहूनही कमी बायकांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती. आता शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी निष्काळजी म्हणायच्या का?

टेस्ट तशी साधी. व्हीआयए म्हणतात, गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का बघायचं, ट्रेनिंग घेतलेली नर्सही करते. टाटा हॉस्पिटलनी तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून हे करवून घेतलं, तपासणी केलेला अन् न केलेला असे दोन्ही गट मिळून दीड लाख बायका होत्या, अन् 12 वर्षांनी तपासणीच्या गटात या कॅन्सरनी होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी निघाले. तपासणी वस्तीत गेली तर बायका येतात, लाजत का होईना.

खरी गोची पुढे आहे. डाग दिसला म्हणजे कॅन्सरच असं नाही, कॅन्सरच्या आधीचे बदल असू शकतात, अन् बऱ्याच जणींना थर्मल ॲब्लेशननी, म्हणजे तेवढा भाग उष्णतेनी जाळून, त्याच दिवशी काही मिनिटांत उपचार देता येतो. पण मशीन नसलं की हातात चिठ्ठी, "मेडिकलला जा", म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. उमरेडकडच्या बाईनं परत एक रोजी बुडवायची, सोबत कोणीतरी शोधायचं, घरी काय सांगायचं ते वेगळंच. महिला दिनाच्या कॅम्पात फोटो झकास येतात, या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं कोणी विचारत नाही बाप्पा.

शिकलेल्या, पैसेवाल्या बायकाही जात नाहीत, हे तुमचं बरोबर, मान्य. पण त्यांना घरच्यांनी रेटलं तर उद्या जाता येतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईला विचारून पाहा, पगार न कापता एक सकाळ दिली तर ती जाईल का म्हणून.