पॉइंट टू-टू ‘खेळणं’ नाही, भाऊ

डॅलसवाले भाऊ, पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते) .२२ ची, म्हणजे कमी ताकदीच्या छोट्या काडतुसाचीच घ्यावी, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलाच जाळ काढलाय. पॉइंट टू-टू म्हणजे पोरांचं खेळणं, वर्षभरात विकून टाकावं लागतं, त्यापेक्षा सरळ जास्त जोरदार गोळीची एआर-१५ घ्यावी; .२२ तर चालवताना मध्येच सतत अडकते. आणि नागपुरात बसून मला हे शिकवायचा अधिकार काय, असं तुमचं म्हणणं.

अधिकाराचं आधी उरकतो. आता धंतोलीत राहतो खरा, पण नोकरीची बरीच वर्षं टेक्सासात गेली आणि रायफल तिथेच हाती धरली. इथे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित प्रवर्गात आहेत. खेळातही तिला जागा नाही: स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्यात एका वेळी एकच गोळी भरतात. लेख होता तो इथून तिकडे गेलेल्या पोरांसाठी.

आता खेळण्याचं. एआरच्या .२२३ गोळीत आपल्या साध्या .२२ च्या (.२२ एलआरच्या) साधारण नऊ-दहापट ऊर्जा असते हे मान्य, आणि एआरचा धक्का फार नसतो हेही मान्य. पण आवाज आणि नळीच्या तोंडचा भडका? नवखा माणूस त्यालाच बिचकतो. ट्रिगर दाबायच्या ऐन क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे दर वेळी हाताने बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) ओढून गोळी भरायच्या रायफलमध्ये, दर गोळीमागे हात थांबतो, चूक लक्षात येते. सेमी-ऑटोमध्ये पुढची गोळी तयारच, की पोरगं पाच झाडून मोकळं. त्यातली कुठली बिघडली हे कोणालाच कळत नाही. कधी मित्राला सांगा, मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) तुमच्या नकळत एक डमी, बिनबारुदी काडतूस सरकव. ‘टक्’ वाजतं, गोळी सुटत नाही, आणि नळी मात्र दोन बोटं खाली गेलेली दिसते. भलेभले तिथे वरमतात. ही सवय मोडायला शेकडो गोळ्या लागतात आणि .२२३ कित्येक पट महाग पडते. पैसा तुमचा आहे म्हणा.

अडकण्याचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. .२२ ची बहुतेक सेमी-ऑटो साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटतानाच्या दाबानेच बोल्ट मागे ढकलला जातो: बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं. काडतूस कमजोर निघालं, सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाचं) असलं, की बोल्ट पुरता मागे जात नाही. त्यात शिशाच्या गोळीवरचं मेण आणि बारुदाची काजळी. दोन-चार कंपन्यांची काडतुसं चालवून पाहा, रायफलला जे मानवेल ते धरा, आणि चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) पुसत जा. एखादं काडतूस उडालंच नाही तर नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट ओढा.

एक गोष्ट मात्र तुम्ही घाईत लिहून गेलात: ‘.२२३ आणि ५.५६ एकच.’ नाही हो! ५.५६ हे त्याच मापाचं, पण जास्त दाबाचं लष्करी काडतूस. ५.५६ चा शिक्का असलेल्या नळीत .२२३ चालतं, उलटं करू नये, दाब वाढतो. वाचणाऱ्या पोरांनी तुमचं ऐकू नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, हा समज तर सगळ्यात वाईट. चेंबरमधली गोळी तिथेच असते. रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची, सगळ्यांची लाडकी. पण शेवटच्या गोळीनंतर तिचा बोल्ट उघडा राहत नाही. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. मॅगझिन काढा, बोल्ट ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळी घालूनही पाहा.

आणखी एक, इथल्या आई-बाबांसाठी. पोरगा एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल तर तिथल्या केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला येते, पण राज्याचे नियम निराळे असतात. दुकानात शिरण्याआधी हे बघून घ्यावं.

‘मग नेमकी कुठली?’ असं शेवटी विचारलंत. पुढेमागे एआर घ्यायचीच असेल तर स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२. सेफ्टी, मॅगझिनचं बटण सगळं एआरच्याच जागी, आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्टही उघडा राहतो. नसेल तर १०/२२. फक्त बट खांद्याला लावून गाल नीट टेकतोय ना, ते दुकानातच पाहा. दुर्बीण नंतर घेता येते.