कुकर लावू का?

सॉफ्टवेअर कंपनी काढायला काय लागतं, असं पुण्यात कुणालाही विचारा. थोडं भांडवल, कोडिंग येणारा एक मित्र आणि जीएसटी कळणारा एक काका, अशी यादी मिळते. माझ्या मते ही यादी जुनी झाली. आता सगळ्यात आधी लागते ती दहा मिनिटांची सलग शांतता. बाकीच्या तिन्ही गोष्टी उसन्या मिळतात.

झालंय असं की हल्ली नुसतं चांगलं सॉफ्टवेअर करून भागत नाही. ते करणाऱ्याने दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर बसून, हसतमुखाने, ते जगाला समजावून सांगायचं असतं. क्विक हील ही अँटिव्हायरसवाली कंपनी पुण्यातल्या एका कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून वाढली. तेव्हा कॉम्प्युटरात व्हायरस घुसायचा आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने दुरुस्तीवाल्याकडे यायचं. ती कंपनी काढणाऱ्या कैलास काटकरांना कुणी ‘सर, एक रील टाका ना’ म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आता आधी प्रेक्षक जमवायचे, मग त्यांना काय विकायचं ते बघायचं. जाहिरातीला पैसे नसतात म्हणून व्हिडिओ, आणि स्टुडिओला पैसे नसतात म्हणून घर. घर म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि एक कुकर.

नवखा माणूस पहिले पैसे कॅमेऱ्यावर घालवतो. घालवू नयेत. फोनवर १०८०पी, सेकंदाला ३० चित्रं, एवढं पुरतं. एका मिनिटाला साधारण ६० एमबी जातात. ‘फोर के’ लावलं की मिनिटाला १७० एमबी, म्हणजे दहा मिनिटांत पावणेदोन जीबी. मग नवव्या मिनिटाला ‘स्टोरेज भरलं’ अशी पाटी येते, आणि पुसायला काढावं तर फोनभर मावसबहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ. ते पुसायची परवानगी कुठल्याच घरात मिळत नाही. शिवाय लोक धूसर चित्र चालवून घेतात; घुमणारा आवाज नाही चालवून घेत, तिसऱ्या वाक्याला उठून जातात. तेव्हा पैसे माइकवर घालावेत, आणि तेही फार नाहीत.

शर्टाला लावायचा वायरवाला कॉलर माइक घ्या. तो हनुवटीच्या खाली एक वीत लावायचा. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. समोर मीटरभर लांब ठेवलेल्या फोनऐवजी पाव मीटरवरचा माइक घेतला, की बारा डेसिबल फुकटात पदरात पडतात. गोम आहे ती वायरीवरच्या काळ्या डबीत. तिच्यात एलआर ४४चा बटन सेल असतो आणि बाजूला एक स्विच: एका टोकाला फोन, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. तो चुकीच्या बाजूला राहिला तर अख्खा व्हिडिओ विहिरीतून बोलल्यासारखा येतो. पिनही बघून घ्यावी. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. आणि तीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. ही पायरी सगळ्यांना माहीत असते आणि सगळे गाळतात. गळ्यातली चेन माइकवर आपटत होती, हे मग एडिटिंगला बसल्यावर कळतं.

खोली कुठली? हॉल नको. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एका भिंतीला काचेचं शोकेस. बोललेला शब्द या तिघांच्या ओळखी काढून परत येतो. बेडरूम घ्यावी, कपाटाची दारं सताड उघडावीत. लटकलेले कपडे आवाज चांगला खातात. गोधडी टांगायची ती पाठीमागे नाही, फोनच्या मागे, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडासमोर. आवाज पुढे जातो आणि समोरच्या भिंतीवरून परतून माइकात शिरतो, म्हणून अडवायचा तो समोर. बाजारातल्या पातळ फोमच्या चौकटी फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातात. चार पदरी, दोन माणसांनी धुवायला लागणारी गोधडी केव्हाही सरस. अडचण एकच. घरात अशी जी गोधडी असते ती ‘पाहुण्यांची’ असते, आणि ती दोरीवर लोंबकळताना पाहून आईचा चेहरा बदलतो.

आता बाहेरचे आवाज. त्यांच्या दोन जाती. एक सततची: पंखा, फ्रिज, एसी. यांचा इलाज आहे. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. नंतर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरला तेवढा तुकडा दाखवायचा, की ते तेवढीच घरघर सगळीकडून उणी करतं. प्रमाणाबाहेर केली तर माणूस पाण्याखालून बोलतो, एवढं सांभाळावं. (पंखा बंद करणं जास्त चांगलं. एप्रिलमध्ये मग कपाळ चमकतं, ते लोक आत्मविश्वासाचं तेज समजतात.)

दुसरी जात अवचित येणाऱ्यांची, आणि तिला औषध नाही. कुकरची शिट्टी एकदाच होते, पण नेमकी बोलण्याच्या पट्टीत मिसळते. ती काढायला जावं तर शब्दही जातो. शिट्ट्यांचं मात्र वेळापत्रक आखता येतं. आखता येत नाही तो प्रश्न. बंद दाराबाहेरून, खणखणीत आवाजात: ‘‘रेकॉर्डिंग चालू आहे का रे? कुकर लावू का?’’ याला ‘हो’ म्हटलं तरी टेक गेला, ‘नाही’ म्हटलं तरी गेला, आणि गप्प बसलं तर दार उघडतं. दारावर ‘चित्रीकरण चालू आहे’ अशी पाटी लावून पाहणारे आहेत. पुण्यात पाटी वाचतात सगळे; ती आपल्याला लागू आहे असं कुणी धरत नाही.

भागाप्रमाणे शत्रू बदलतो. कोथरूड-एरंडवण्यात जुन्या सोसायट्या पाडून नव्या उठताहेत, त्यामुळे दिवसभर काँक्रीट फोडणारा ब्रेकर. बाणेर-बालेवाडीत टँकर, त्याचा पंप एकवेळ चालेल, पण मागे येताना तो जी धून वाजवतो ती संपता संपत नाही. विमाननगरच्या डोक्यावर लोहगावच्या हवाई तळाची सुखोई लढाऊ विमानं. १९९७पासून ती तिथे आहेत, आपण नंतर आलोय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. ‘हे फीचर तुमचा वेळ वाचवतं’ यातलं ‘तुमचा’ ती घेऊन जातात. नदीपात्राजवळ राहणाऱ्यांनी गणपतीआधीचे दोन महिने संध्याकाळचा विचारच सोडावा. ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की गोधडी काही करू शकत नाही; ढोलाचा टोला खर्जातला, तो भिंतीतून येतो.

पण खरा वैरी वरच्या मजल्यावर. तिथे फर्निचरचं काम निघालेलं असतं. हॅमर ड्रिल स्लॅबला टेकलं की आवाज हवेतून न येता कॉलम-बीममधून खाली उतरतो. खिडक्या बंद करून उपयोग शून्य. उलट बाहेरची रहदारी थांबते आणि ड्रिल स्पष्ट ऐकू येतं. यावर तांत्रिक इलाज नाही, सामाजिक आहे. सुतारांची जेवणाची आणि चहाची वेळ वॉचमनकडून काढून घ्यायची. टँकर कधी, पाण्याची मोटर कधी, भंगारवाला कुठल्या वारी, हे सगळं वॉचमनला पाठ असतं. स्टार्टअपला सल्लागार मंडळ असावं म्हणतात. माझ्या हिशोबाने पहिली खुर्ची त्याची.

आता कुणी म्हणेल, पुण्यात दुपारी एक ते चार आहे की! आहे. दुकानं बंद, ड्रिल बंद, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर तशी सूचनाही आहे. पण ती सूचना आपल्यालाही लागू असते. शेजारच्या खोलीत घरातली मंडळी आडवी झालेली, पलीकडच्या फ्लॅटमध्ये काका आडवे. त्या शांततेत ‘नमस्कार मित्रांनो!’ म्हणून उसळायचं म्हणजे भिंतीवर तीन टकटकी ठरलेल्या. मग तो नमस्कार कुजबुजत्या आवाजात घातला जातो, आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा व्हिडिओ भुताची गोष्ट वाटू लागतो.

त्यापेक्षा गुरुवार धरावा. दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार गुरुवार. लाईट नाही म्हणजे फ्रिज नाही, मिक्सर नाही, मोटर नाही, लिफ्टची धडधड नाही आणि वरचं ड्रिलही नाही. फोनला बॅटरी आहे, माइकला बटन सेल आहे, उजेडाला खिडकी आहे. अपलोड संध्याकाळी करता येतं. लाईट जाणार असल्याचा मेसेज आला की अख्खी सोसायटी कुरकुरते. आपण तिथे अंगठा वर करायचा. फक्त शेजारच्या सोसायटीला जनरेटर नसावा.

उजेडाचं थोडक्यात. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. लाईट असताना रात्री एलईडी ट्यूबखाली शूटिंग केलं तर चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, आणि फोनचं शटर आपल्या लयीत चालतं. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की पट्ट्या जातात. पावसाळ्यात ढग येऊन जाऊन चेहरा काळा-गोरा होतो. त्यासाठी स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्सपोजर आणि फोकस दोन्ही लॉक करायचे.

चेहऱ्यापेक्षा जास्त अब्रू जाते ती स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये. समजा सॉफ्टवेअर सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशोबाचं आहे. ब्राउझर १५० टक्के मोठा करायचा, कारण बघणारा सेक्रेटरी साठीचा असतो आणि फोनवर बघतो. मग ‘डू नॉट डिस्टर्ब’, लॅपटॉपवर आणि फोनवर दोन्हीकडे. नाहीतर ‘बघा, किती सोपं आहे’ म्हणताना वरून कुटुंबाच्या ग्रुपवरचं ‘शुभ सकाळ’ उतरतं, मागोमाग बँकेचा शिल्लक सांगणारा मेसेज, आणि कंपनीची आर्थिक स्थिती गुंतवणूकदाराआधी प्रेक्षकांना कळते. डेमोत खरी नावं घालू नयेत. थकबाकीदार म्हणून बी विंगमधल्या कुणाचं नाव दिसलं, की सॉफ्टवेअर राहतं बाजूला आणि जनरल बॉडी सुरू होते. कोड दाखवणार असाल तर ‘डॉट ईएनव्ही’ फाइल उघडी नाही ना, दोनदा बघा. तिच्यात पेमेंटच्या, ईमेलच्या चाव्या (म्हणजे पासवर्डसारखे गुप्त संकेत) असतात, आणि एक क्षण दिसली तरी कुणीतरी व्हिडिओ थांबवून उतरवून घेतं. तो भाग धूसर करून समाधान मानू नका. चावी रद्द करून नवी काढा. धूसर करायला व्हिडिओ चाळताना एखादी फ्रेम हमखास सुटते.

आवाज आणि चित्र वेगवेगळे घेतले असतील तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी. आवाजाच्या आलेखात तिचा सुळका दिसतो, दोन्ही सुळके एकाखाली एक आणले की ओठ आणि शब्द जुळतात. फोन मात्र सेकंदाला कधी तीस चित्रं घेतो, कधी एकोणतीस. लांब व्हिडिओत त्यामुळे शेवटी शेवटी शब्द आणि ओठ यांची फारकत होते. म्हणून पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला नवी टाळी द्या. बंद खोलीतून दर पाच मिनिटांनी टाळी ऐकू आली की घरच्यांना वाटतं आरती चाललीय.

मग तो आकडा. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघणं लागतं (नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू). चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत माणूस सरासरी चार मिनिटं टिकला, तर साठ हजार वेळा कुणीतरी मेंटेनन्सचा हिशोब बघायला हवा. स्वतःच्या सोसायटीचा हिशोब न बघणारी माणसं हे का करतील? खरं सांगायचं तर त्या पैशांच्या मागे लागूच नये. दोनशे खजिनदारांनी पूर्ण व्हिडिओ बघितला आणि त्यातल्या दहांनी फोन केला, तर ते साठ हजारांपेक्षा भारी. पण हे घरी कोण समजून घेणार? तिथे दर रविवारी एकच विचारणा: यूट्यूबचे आले का?

आणि समजा जमलंच, तरी कमाई दहा डॉलरला पोचली की पत्ता खरा आहे का हे बघायला पिन नंबर येतो, तो साध्या पोस्टाने. प्रत्यक्ष पैसे शंभर डॉलर झाल्यावर. तेव्हा पत्ता भरताना विंग आणि फ्लॅट नंबर पहिल्या ओळीत घाला. ‘मागच्या बाजूचा जिना’ वगैरे तपशील जागा उरली तर. वॉचमनला आधी सांगून ठेवा. नाहीतर ते छोटं पांढरं टपाल पेस्ट कंट्रोलच्या पत्रकांबरोबर केरात जातं किंवा सेक्रेटरी काकांच्या हातात. ते वर येऊन विचारतात, ‘‘काय रे, परदेशातलं पत्र? चाललास की काय?’’ त्यांना दहा डॉलरचा उलगडा करत बसू नये. कमाई सुरू झाली एवढं ऐकलं की ते मागच्या तिमाहीच्या मेंटेनन्सचा विषय काढतात.