लोंढे फक्त उत्तरेतून येतात?

दिवाळी झाली की व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. यंदाही आला. त्याचा सार असा: ‘महाराष्ट्रातलं स्थलांतर म्हणजे यूपी-बिहारचे लोंढे. मराठी माणूस आपलं गाव सोडत नाही. ज्याला खायला नाही तोच घराबाहेर पडतो. आणि त्यांच्या राज्यांना उद्योग उभारता आले नाहीत, म्हणून भार आपल्यावर.’

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. ज्या आठवड्यात हा मजकूर आला, त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली माणसं ऊसतोडीला निघाली आणि दारांना कुलपं लागली. म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा लोंढ्यांचा. २०११च्या जनगणनेत, आधीचं राहण्याचं ठिकाण सोडून आलेले लोक महाराष्ट्रात ५ कोटी ७४ लाख निघाले. त्यातले ४ कोटी ७९ लाख महाराष्ट्रातूनच महाराष्ट्रात आलेले. उत्तर प्रदेशातून आलेले साडेसत्तावीस लाख, बिहारमधून पावणेसहा लाखांच्या आत. दोन्ही मिळून शंभरात सहासुद्धा नाहीत. आता कुणी म्हणेल, या आकड्यात लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेल्या लेकीही आल्या. खरं आहे. देशभरच्या स्थलांतरितांपैकी जवळपास निम्म्यांनी कारण लग्न सांगितलं, कामधंदा सांगणारे दहात एक. फक्त कामासाठी आलेले मोजले तर उत्तरेचा वाटा वाढेल, मुंबईत तो डोळ्यांना दिसतोही. पण तेवढ्यावरून ‘स्थलांतर म्हणजे परप्रांतीय’ हे सिद्ध होत नाही.

‘मराठी माणूस गाव सोडत नाही’ हे तर कोकणात जाऊन कुणी बोलून दाखवावं. मुंबईचा गिरणगाव भरला तो रत्नागिरी आणि साताऱ्याच्या माणसांनी. चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि गावी मनिऑर्डर धाडायची, अशी दोन-तीन पिढ्यांची रीत होती. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष गेले कुठे, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खानदेशचा माणूस सुरतेला जातो. तिथल्या लिंबायत-उधन्यात अहिराणी कानावर पडते, आणि तिथे परप्रांतीय आपणच असतो.

‘उपाशी तोच घराबाहेर पडतो’ हे अर्धंच खरं. हजार-दीड हजार किलोमीटर लांब जायला गाडीभाडं लागतं, तिथे खोलीत जागा देणारा गाववाला लागतो, पहिला पगार हाती येईपर्यंत खायला लागतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो लांब जात नाही, तो मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतो आणि ऊसतोडीला जातो.

आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेब जोडीचा, त्यामुळे बायको मागे राहू शकत नाही. परवा पहाटे आमच्या शेजारचं घर निघालं. ट्रकमध्ये आधी ज्वारीचं पोतं, मग भांडी, पत्र्याची पेटी, शेवटी शेळी चढली. थोरली मुलगी आजीजवळ राहिली, धाकटा आईच्या कडेवर गेला. आता पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. अंधारात उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारी पडलं तर खाडा धरतात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९मध्ये उघड झाल्या आणि राज्याला चौकशी समिती नेमावी लागली, त्या याच जगण्यातल्या.

या माणसांना कुणी लोंढा म्हणत नाही. म्हणूच नये. पण मग बिहारच्या माणसाला तरी का म्हणायचं?

उरला उद्योगांचा मुद्दा. केंद्राने १९५२पासून मालवाहतूक समानीकरणाचं धोरण राबवलं. कोळसा, पोलाद, सिमेंट देशात कुठेही नेलं तरी कारखानदाराला सारख्याच दरात मिळेल अशी सोय झाली. खाणी तेव्हाच्या बिहारमध्ये होत्या, आजचा झारखंडही त्यातच होता. खाणीजवळ कारखाना काढण्याचा फायदा या धोरणाने संपवला आणि बंदर, बाजारपेठ, भांडवल आधीच असलेल्या मुंबईसारख्या ठिकाणांना बळ दिलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मोडीत निघालं, तोवर चाळीस वर्षं गेली होती. बिहारमधल्या राज्यकर्त्यांच्या चुका आहेतच, त्या मी झाकत नाही. पण आपल्या भरभराटीत त्यांच्या कोळशाचा वाटा आहे, आणि ‘भार’ हा शब्द वापरताना तो विसरता येणार नाही. मराठवाड्याचंही हेच झालं. कारखानदारी पुणे-मुंबई पट्ट्यात, बारमाही पाणी पश्चिमेच्या उसाला, आणि तोडायला माणसं आमची.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मागच्या वेळी माणसं मोजली ती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत. फेब्रुवारीत कारखाने चालू असतात आणि आमची गल्ली बंद. प्रगणक पाटोद्यात येईल तेव्हा कुलूप बघून परत जाईल. त्याला कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडांवर, कोपीच्या दारात पाठवा. तिथे शेजारच्या घरातली तीन माणसं सापडतील.