हाड सांगतं ते हाडापुरतं

‘हाडाचा किंवा दाताचा एक तुकडा ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) यंत्रात ठेवा, आयुष्यभरात अंगाला किती रेडिएशन लागलं ते नेमकं कळतं. किरण कुठलेही असोत, यंत्र खोटं बोलत नाही.’ हा दावा सध्या फार फिरतोय. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर तो लोकांना पटतो.

आधी खरं काय ते. हाडात आणि दाताच्या एनॅमलमध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे खनिज असतं आणि त्यात थोडा कार्बोनेट असतो. किरण लागले की त्यातून जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले कण तयार होतात आणि स्फटिकात अडकून बसतात. एनॅमलची चिमूटभर पूड नळीत भरून चुंबकीय क्षेत्रात ठेवली, मायक्रोवेव्ह सोडल्या, की पडद्यावरची रेघ एका ठिकाणी वर उसळते आणि लगेच खाली जाते. अडकलेले कण जितके जास्त, तितकी उसळी उंच. १९८९ मध्ये एल साल्वाडोर देशात सॅन साल्वाडोरला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या संयंत्रात अपघात झाला, तेव्हा एका कामगाराच्या कापाव्या लागलेल्या पायाच्या हाडावरून असाच डोस काढला होता.

आता ‘यंत्र खोटं बोलत नाही’. बरोबर, पण ते ग्रे (शोषलेल्या डोसचं एकक) मोजतही नाही. ते फक्त त्या उसळीची उंची देतं. त्या उंचीचे ग्रे करायचे तर नमुन्याला माहीत असलेला डोस देऊन ताडून पाहावं लागतं. तो डोस बहुतेकदा कोबाल्ट-६० चा असतो, म्हणजे सरासरी १.२५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांचा.

‘किरण कुठलेही असोत’ हे मात्र साफ चूक. कोबाल्टच्या गॅमा किरणांपुढे हाड आणि मांस ग्रॅममागे जवळजवळ सारखीच ऊर्जा शोषतात. पण ५० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच्या, म्हणजे बऱ्याच कमी ऊर्जेच्या एक्स-रेची गोष्ट वेगळी. तिथे प्रकाशविद्युत परिणाम (अणू किरण पूर्ण शोषून इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो तो) जोरात असतो, आणि तो अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने वाढतो. हाडात कॅल्शियम (२०) आणि फॉस्फरस (१५), तर मांसात मुख्यतः ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन. त्यामुळे हाड मांसाच्या कित्येक पट ऊर्जा ओढून घेतं. चारपट धरा. मांसाला १ ग्रे लागला तर हाडाचा आकडा ४ येईल. १ ग्रेवर माणूस सहसा सावरतो, पण ४ ग्रे साऱ्या अंगाला लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं जातात. एवढ्या फरकावर डॉक्टरांचे निर्णय बदलतात. आणि गंमत नाही ही, हाडाचा आकडा चुकलेला नसतो. खनिजाने खरंच तेवढं शोषलेलं असतं. चूक होते ती तो आकडा सरळ माणसाच्या नावावर लिहिताना.

‘आयुष्यभरात’ हेही हाडाला लागू नाही. हाड जुनं झिजवून नवं बांधत राहतं, एनॅमल तसं करत नाही.

मग ऊर्जा ओळखायची कशी? कमी ऊर्जेचे किरण दातातच बरेच अडतात, म्हणून समोरची आणि मागची बाजू वेगवेगळी मोजली की फरक दिसतो. हिरोशिमाच्या वाचलेल्यांच्या दाढांमध्ये म्हणूनच जिभेकडचं एनॅमल घेतलं गेलं. गालाकडच्या बाजूला दंतवैद्याच्या एक्स-रेची भर पडलेली असते.