लांबी भरा, टेप गुंडाळा, सिलिकॉन फासा

एमजीबीच्या, म्हणजे त्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या, दाराखालून चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, घसरून खाली पडतो, तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. काही ठिकाणी बोटभर जाड. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खुपसलं की आतून वर्तमानपत्राचे बोळे निघतात, डासांच्या जाळीचे तुकडे निघतात, मूठभर गंजाचा चुरा निघतो. आणि या सगळ्यावर दोन हात चकचकीत रंग, वरून पॉलिश. करणाऱ्याला जाब विचारला की ठरलेलं उत्तर: "चलता, पात्रांव." म्हणजे, चालतं, साहेब.

काय चालतं? दार उघडल्यावर गाडी मधोमध वाकते, ते चालतं?

या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा सुटा सांगाडा, नसते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला तयार झालेली ही गाडी, आणि उघड्या टपाच्या मॉडेलला वर छप्परच नाही. त्यामुळे पुढचं धूड आणि मागचं धूड एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम दाराखालच्या सिलवर येतं. सिल म्हणजे बाहेरून दिसतो तो एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आत फ्लोअरला जोडलेला आतला पत्रा आणि तळाशी कॅसल रेल नावाची पट्टी, असे चार मिळून ती पोकळ पेटी होते. गंज आतून लागतो. बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसायला लागेपर्यंत मधला पडदा कधीच जाळी झालेला असतो. त्या फोडावर लांबी भरणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला फसवणं, दुसरं काही नाही. सडक्या सिलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवून कडा वेल्ड करणारे तर त्याहून वाईट. आतला गंज तसाच, वर पाणी बाहेर पडायची वाटही बंद.

हे काम घरी नीट होतं. पडवीत होतं. फक्त क्रम पाळावा लागतो. आधी पुढचा फेंडर काढा, कारण सिलचं पुढचं टोक त्याच्या आत जातं. मग केबिनमध्ये बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा वेल्ड करा, पण आतल्या अंगाने, म्हणजे दार बसवून फट तपासता येईल. गाडी मधोमध जॅकवर उचलून सिल कापणाऱ्याचे हात धरले पाहिजेत. स्टँड लागतात ते पुढच्या चॅसी-रेलखाली (बॉडीलाच वेल्ड केलेल्या पोकळ पट्ट्या) आणि मागच्या स्प्रिंगपाट्यांच्या हँगरजवळ. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. ही खबरदारी न घेता दोन्ही सिल एका दुपारी कापले की शेल, म्हणजे बॉडीचा सांगाडा, मधोमध खचतं, दाराची मागची फट वरच्या बाजूला मिटते आणि दार खांबाला घासायला लागतं. मग हातोडीने दार ठोकून "फिटिंग" करतात! दाराचा काय दोष त्यात?

पत्रा १.२ मिलिमीटरचा घ्या, म्हणजे १८ गेज. कडांना ६ मिलिमीटरची भोकं, साधारण २५ ते ३० मिलिमीटरच्या अंतराने, आणि ती मिग (आपोआप सरकणाऱ्या तारेच्या) वेल्डिंगने भरायची, ०.६ मिलिमीटरच्या तारेने. जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर आधी वेल्डिंग सहन करणारा झिंक प्रायमर. आर्क वेल्डिंगचा जाड रॉड या पत्र्याला भोकं पाडतो आणि ती भोकं बुजवायला परत लांबी येते. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा तर वेल्डिंग करूच नका. वेल्डचा टाका वरून गोल, छान दिसतो, पण खाली मुरलेला नसतो. भंगारातल्या दोन पट्ट्या जोडून छिन्नी मारून बघा. टाक्याबरोबर खालचा पत्रा फाटून आला तर वेल्ड पक्का, टाका नुसताच उडाला तर मशीन बंद करा.

आता पावसाचं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, शिवाय किनाऱ्याची खारी हवा. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी चवथीला गाडी बाहेर काढायची म्हणून जुलैत उघड्या पत्र्यावर लांबी लावतात. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते. घासून उघडी ठेवलेली लांबी दोन रात्री ओल्या हवेत राहिली की ती ओल थेट पत्र्यापर्यंत जाते, वर प्रायमर मारला की आत कोंडते, आणि दिवाळीपर्यंत रंगाला फोड. बरोबर पद्धत अशी: पत्रा घासला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्या प्रायमरवर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त कधीच नाही, आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं. हे एवढं साधं काम, त्या खालच्या कॉकला हात लावायचं, ते कोणी करत नाही आणि मग रंगात खड्डे पडले की थिनरला शिव्या.

दाराच्या तळाला, सिलच्या खाली, विंडस्क्रीनपुढच्या हवेच्या जाळीखाली पाणी जायच्या वाटा असतात. त्या कारखान्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात. सीलर फासताना पेंटर त्या बुजवतो, "पाणी आत जाता कामा नये" म्हणून. पाणी काचेच्या रबरातून आत जातंच, बाबांनो, त्याला बाहेर यायला वाट हवी! तळाला डांबर फासणं हाही तोच प्रकार. गंजावर डांबर मारलं की वरून काळंभोर नि आतून ओलं. पोकळीत मेण सोडा, लांब नळीच्या फवाऱ्याने, सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यावर. आणि ती निळी ताडपत्री! मेअखेर गाडीवर घट्ट बांधायची आणि चवथीला सोडायची. जमिनीची ओल वर येते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात, रात्रभर गाडीवर ठिबकतात. सीटच्या रेक्झिनवर पांढरी बुरशी, टपावर काळे ठिपके. गाडी छपराखाली, चाकं स्टँडवर, खाली जमिनीवर प्लास्टिक, वर हवा खेळणारं सुती कापड, काचा दोन बोटं खाली. यात खर्चाचं काय आहे?

पण मेंदूची शीर तटतटते ती नट-बोल्टांवरून. या गाडीचे आटे इंची आहेत, बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. ५/१६ यूएनएफचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड आणि इंचाला २४ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला एम-८ बोल्ट ८ मिलिमीटर, पण आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला जेमतेम वीस. जाडी जवळजवळ सारखी, म्हणून तो एक-दोन फेरे बोटांनी जातो. तिसऱ्या फेऱ्याला अडतो. इथे शहाणा माणूस थांबतो. आपला मिस्त्री पान्याला पाइप लावतो. कर्र असा आवाज येतो, बोल्ट "बसतो", आणि आतले आटे गेलेले असतात. तो बोल्ट ब्रेक कॅलिपरचा असू शकतो, स्टिअरिंगचा असू शकतो. पान्यांचंही तेच. ५/१६ च्या डोक्याला अर्धा इंची पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ चा लावतात आणि कोपरे गोल करतात. ३/८ ला ९/१६ चा लागतो, तिथे १४ चा जात नाही म्हणून १५ चा. इंची पान्यांचा एक सेट आणि आटे मोजायचं एक गेज, एवढं घेतलं की हा सगळा सत्यानाश टळतो. गेलेल्या भोकाला हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा. टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट घालणाऱ्याला पैसे देऊ नका.

ग्रीस गन सगळीकडे सारखीच चालवणारे वेगळे. एमजीबीच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीला, ग्रीसच लागतं, पण ट्रायम्फ स्पिटफायर किंवा मद्रासला बनलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड असेल, तर तिच्या पुढच्या खालच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्यात) ९० नंबरचं गिअर ऑइल जायला हवं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, चाक धरणारा उभा लिंक गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवं पडतं.

वायरिंगची चूक तर पेट घेते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचा अधिक टोक बॉडीला. हे न बघता बॅटरी उलटी जोडतात, रेडिओ जाळतात, आणि मग म्हणतात लुकासचा (गाडीचं इलेक्ट्रिक सामान बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचा) माल खराब. निगेटिव्ह अर्थ करायचंच तर ते रीतसर होतं: बॅटरीचे टोक बदला, कॉइलच्या दोन वायरी बदला, डायनॅमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढून त्याला क्षणभर लाइव्ह वायर टेकवा म्हणजे त्याची दिशा पालटते, आणि इलेक्ट्रिक टॅकोमीटर असेल तर त्याच्या आतली जोडणीही बदला. लुकासच्या रंगांत सगळी गाडी वाचता येते. तपकिरी कायम लाइव्ह, पांढरी किल्ली फिरवल्यावर लाइव्ह, हिरवी तीच पण फ्यूजमधून, जांभळी फ्यूजमधून कायम लाइव्ह, काळी अर्थ. हाताला लागेल ती लाल वायर सगळीकडे ओढून, दोन टोकं पिळून, काळी टेप गुंडाळणाऱ्याने ही सगळी लिपी पुसून टाकली. पावसाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो आणि आत हिरवा गंज चढतो. जोड क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवा, वर उष्णतेने आक्रसणारी नळी घाला. जुन्या फ्यूजच्या डब्यावर लिहिलेला ३५ अँपिअरचा आकडा फ्यूज वितळण्याचा आहे, सतत सोसायचा प्रवाह साधारण १७. तिथे आजचा ३५ चा फ्यूज घातला की आधी वायर जळणार, फ्यूज नंतर.

इंजिनावर लाल सिलिकॉन फासणं बंद करा. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला सुटतो, संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) पडतो आणि तेलाच्या जाळीत अडकतो. सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनाला मागे तेल अडवणारं सीलच नाही, तेल परत ओढणारी चक्री खाच आहे. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी, तुंबला की तिथून तेल गळतं. ब्रीदर साफ करायचा सोडून मागे सिलिकॉन भरतात!

आणि एसयू या इंग्लिश बनावटीचे जुळे कार्ब्युरेटर काढून "मारुतीचा लावूया" म्हणणारे. कार्ब बिघडलेले नसतात, थ्रॉटलचा स्पिंडल (त्याच्या झडपेचा दांडा) झिजलेला असतो. इंजिन आयडलवर ठेवून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतोय. चांगला लेथवाला दिवसभरात नवं बुश बसवून देतो. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बच्या वरच्या घुमटात, २० नंबरचं तेल घाला, पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच येईल इतकं. पिस्टन वर उचलून सोडा, खाली 'टक्' वाजला पाहिजे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि ओल धरून टाकी गंजवतं. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आधी बदला, जेट किंचित खाली घेऊन मिश्रण दाट करा, पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी उभी ठेवू नका.

मालकांनाही सोडत नाही. सिल सडलेले, ब्रेक होज तडकलेले, आणि पहिला खर्च कशावर? लाकडी स्टिअरिंग, तारांची चाकं, एलईडी दिवे. गाडी आपल्या आवडीची करावी, जरूर करावी. सीटचं कापड, आतला रंग, हेडलाइटला रिले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तीन बिंदूंचे सीटबेल्ट. परत काढून मूळ बसवता येईल असं काहीही करा, फक्त मूळ भाग डब्यात जपून ठेवा. पण बाहेरचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांपुढच्या गाडीची 'व्हीए' नंबरवर नोंदणी तेव्हाच, जेव्हा चॅसी, बॉडी शेल, इंजिन मूळचं असेल. २०,००० रुपये फी भरायच्या वेळी बॉनेटखाली दुसऱ्या गाडीचं इंजिन असलं तर मग कोणाला बोलणार?

गॅरेजवाल्याला गाडी देताना एकच अट घाला: सिल बंद करायच्या आधी बोलवायचं. आत टॉर्च मारून मधला पडदा बघायचा, भोकं मोजायची, प्रायमर बघायचा, फोटो काढायचे, मगच बाहेरचा पत्रा चढेल आणि मगच उरलेले पैसे. "त्याची गरज नाही, पात्रांव" असं जो म्हणेल, त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी टो करून घरी आणा.