टाळ्या चोळांना आणि ताम्रपट कऱ्हाडचा

‘पोन्नियिन सेल्वन’चा पहिला भाग २०२२च्या सप्टेंबरअखेर लागला तेव्हा लेकीला घेऊन गेलो होतो. सुरुवातीलाच लढाई आहे. चोळांचा युवराज आदित्य करिकालन राष्ट्रकूटांवर तुटून पडतो, धूळ, घोडे, शंखनाद, आणि राष्ट्रकूट हरतात. थिएटरात टाळ्या, शिट्ट्या. मीही वाजवल्या. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत लेक म्हणाली, “बाबा, राष्ट्रकूट म्हणजे वेरूळवालेच ना? कैलास लेणं ज्यांनी कोरलं ते? मग ते हरल्यावर आपण टाळ्या का वाजवल्या?”

उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

ऐतिहासिक सिनेमा आला की दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं खरंच दाखवलंय. दुसरा चुकांची यादी काढून बसतो, दागिने चुकले, तलवार चुकली, हा माणूस तेव्हा जन्मलाच नव्हता. या चुका मला फार छळत नाहीत. दहाव्या शतकातल्या माणसाला हाडामांसाचं करून समोर उभं करणं हे केवढं मोठं काम आहे! मला शाळेत राष्ट्रकूट होते ते दोन मार्कांपुरते. सिनेमाने ते घोड्यावर बसवले. पण सिनेमा आणखी एक गोष्ट करतो आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. तो तिकिटाबरोबरच आपल्याला कुणाच्या तरी छावणीत नेऊन बसवतो. अडीच तास आपण तिथूनच बघतो, तिथलेच होऊन रडतो. चूक तारीख पुस्तकात बघून सुधारता येते. छावणी बदलायला मात्र स्वतः उठून पलीकडे जावं लागतं.

माझं गाव कऱ्हाड. पलीकडची वाट मला माझ्याच गावात सापडली.

कऱ्हाडला राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याचा एक ताम्रपट सापडला आहे. शके ८८०चा, म्हणजे इ.स. ९५९चा. त्यात कऱ्हाडच्या गगनशिव नावाच्या शैव तपस्व्याला कंकेम नावाचं गाव दान दिलंय. दान कऱ्हाडकडचं, पण ते देताना राजा कुठे होता? मेलपाडीच्या छावणीत. हे मेलपाडी तमिळनाडूत, वेल्लोरच्या भागात आहे. दक्षिणेकडचा मुलूख आपल्या माणसांना वाटून द्यायला, मांडलिकांकडून वसुली करायला आणि देवळं बांधायला सैन्यासह तळ दिलाय, असं ताम्रपटच सांगतो. म्हणजे सिनेमातली लढाई ज्या काळात घडते त्याच्या जेमतेम दहाएक वर्षं आधी चोळांच्या उत्तरेकडच्या मुलुखात राष्ट्रकूटांचा राजा ठाण मांडून बसला होता आणि तिथूनच आमच्या गावचे कागद करत होता. तमिळ शिलालेखांत तर तो स्वतःला ‘कच्ची आणि तंजै घेणारा’ म्हणवतो. कच्ची म्हणजे कांची, तंजै म्हणजे तंजावर.

हे वाचलं आणि करिकालनचा राग मला पहिल्यांदा कळला. पडद्यावर नुसता आवेश दिसला होता. त्यामागे इ.स. ९४९ची तक्कोलमची लढाई आहे. तिथे कृष्ण तिसऱ्याने चोळांचा धुव्वा उडवला आणि त्यांचा युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. पुढे कित्येक वर्षं चोळांना डोकं वर काढता आलं नाही. करिकालन त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांतला मुलगा.

या लढाईचा एक पुरावा असा आहे की तो वाचल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर म्हणून गाव आहे. तिथला एक वीरगळ आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. तक्कोलमला राष्ट्रकूटांच्या बाजूने लढलेला, कर्नाटकातल्या गंग घराण्याचा राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या सरदारावर खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. मणलेरने गाव मागितलं नाही की हत्ती मागितला नाही. राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. मणलेरने काळीसाठी वीरगळ उभारला, त्याच्या पूजेअर्चेला जमीन लावून दिली. राजादित्य बूतुगाच्या हातून पडला, ही दक्षिणेचा इतिहास वळवणारी बातमी आपल्याला या कुत्र्याच्या दगडावरच वाचायला मिळते. आपल्याकडे गावोगावी मारुतीच्या देवळामागे शेंदूर फासलेले वीरगळ पडलेले असतात. त्यांच्याकडे मी आता पूर्वीसारखं बघू शकत नाही.

सिनेमाचा सगळा ताण आहे तो करिकालनच्या खुनाभोवती. पडद्यावरचा रविदासन हा करिकालनने मारलेल्या पांड्य राजाचा सूड घ्यायला निघालेला बंडखोर आहे. पण तमिळनाडूतल्या उडैयारगुडीच्या देवळात करिकालनच्या धाकट्या भावाच्या, राजराज चोळाच्या दुसऱ्या राज्यवर्षातला, म्हणजे इ.स. ९८७च्या आसपासचा शिलालेख आहे. त्यात करिकालनला मारणाऱ्या द्रोह्यांची नावंच दिलीत: सोमन, रविदासन, परमेश्वरन. त्यांच्या आणि नातेवाइकांच्या जप्त जमिनींची विल्हेवाट कशी लावायची, ते त्यात आहे. दोघांच्या नावापुढे ‘ब्रह्माधिराज’ ही बड्या अधिकाऱ्यांना मिळणारी पदवी आहे, आणि परमेश्वरनच्या पदवीत तर ‘चोळ’ हाच शब्द आहे. म्हणजे घाव बाहेरून आलेल्यांनी घातला की घरातल्या मानकऱ्यांनी? हा प्रश्न मला सिनेमातल्या कारस्थानापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. आणि प्रामाणिकपणे सांगतो, सिनेमा बघितला नसता तर जमिनीच्या जप्तीचा हा लेख मी जन्मात वाचला नसता.

एक मात्र कळकळीने सांगायचंय. हे वाचून कुणी “आपले राष्ट्रकूट विरुद्ध ते चोळ” असा झेंडा उचलू नये. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. त्यांच्या दरबारात कन्नड आणि संस्कृत नांदली. वेरूळचं कैलास त्यांचं, म्हणून ते आपलेही आहेतच, पण आजच्या राज्यांच्या सीमा घेऊन त्यांच्याकडे गेलो तर आपण पुन्हा एका छावणीत जाऊन बसू, एवढंच.

खंत आहे ती वेगळी. तमिळ माणसाकडे कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी होती, पिढ्यान्‌पिढ्या घरात वाचली गेलेली, म्हणून मणिरत्नमचा सिनेमा झाला. आपल्या पडद्यावर संतपट सोडले तर इतिहास सतराव्या शतकात सुरू होतो. महाराजांवर कितीही सिनेमे आले तरी मी पहिल्या दिवशी जाणार. पण सातवाहनांचं पैठण, वाकाटकांची अजिंठा, शिलाहारांचं कोल्हापूर यांनी काय पाप केलंय? मान्यखेट ९७२ साली माळव्याच्या परमारांनी लुटलं. ते साल आपल्याला सांगतो धनपाल नावाचा कवी, धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी लिहिलेल्या प्राकृत शब्दकोशाच्या शेवटी. राजधानी जळतेय आणि दूर परमारांच्या धारानगरीत भाऊ बहिणीसाठी शब्द गोळा करतोय! पटकथेला आणखी काय लागतं? निघालेल्या सिनेमात चुका असतील. असू देत. कुणाची तरी पोर मध्यंतरात बापाला अडचणीचं काहीतरी विचारेल.

परवा लेकीला म्हटलं, तक्कोलमवर मराठीत सिनेमा निघाला तर पहिलं दृश्य कुठलं घ्यायचं? मला वाटलं होतं, राजादित्याचा हत्ती म्हणेल.

तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, “काळीला राजाकडून नवीन घरी नेतात ते.”