कारण : गोगलगाय

शाळेच्या फाटकापाशी एक वही असते. मूल उशिरा आणलं की पालकाने तीत नाव, वेळ आणि कारण लिहून सही करायची. परवा मी कारणाच्या रकान्यात 'गोगलगाय' असं लिहिलं. दुपारी बाईंचा फोन आला. आवाज मऊ, पण आत सुई. "मुलांना अशी नावं ठेवू नयेत हो. चार वर्षांचं मूल हळूच चालणार. मनावर परिणाम होतो त्यांच्या." मी सांगायला गेलो की अहो बाई, ते नाव ठेवलेलं नव्हतं, ती खरीखुरी गोगलगाय होती, पाठीवर शंखबिंख असलेली. त्या म्हणाल्या, "बरं." ते 'बरं' माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

घरापासून शाळा दहा मिनिटांवर. म्हणजे माझ्या पायांनी. कन्येच्या पायांनी किती, ते वाटेत कोण कोण भेटतं त्यावर. मुंग्यांची रांग लागली तर सात मिनिटं वाढवायची. उताणा पडलेला भुंगा दिसला तर तो मेलाय, झोपलाय की नाटक करतोय याचा निकाल लागेपर्यंत पाच. डबकं लागलं तर मिनिटं मोजू नयेत, सरळ कपडे बदलायला घरी फिरावं. परवा रात्रभर पाऊस पडून गेला होता, झिमझिम चालूच होती, आणि फरसबंद वाटेच्या ऐन मध्यावर एक गोगलगाय रस्ता ओलांडत होती.

"बाबा, ती भिजतेय."

"तिला भिजायला आवडतं. अंग ओलं असलं तरच तिला चालता येतं."

"तुला आवडतं भिजायला?"

"नाही."

"मग?"

या 'मग'पुढे आजवर माझं काही चाललेलं नाही. मी छत्री गोगलगायीवर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिलो. तिला उचलून पलीकडे ठेवू या का, हेही विचारून पाहिलं. उत्तर आलं, "तिचं तिला करू दे." हेच वाक्य मी रोज सकाळी मोज्यांच्या बाबतीत ऐकतो, तेव्हा अपील नाही. मनात हिशेब मांडला. १९९५ साली इंग्लंडमधल्या काँगहॅम गावी गोगलगायींच्या शर्यतीत आर्ची नावाच्या वीराने साधारण ३३ सेंटिमीटर अंतर दोन मिनिटांत कापलं, आणि तो विक्रम मानला जातो. पुढची वाट दोनेक मीटर. म्हणजे आर्चीला बारा मिनिटं. ही आर्ची नव्हती. ही मध्येच थांबून शिंगं आत घेऊन विचार करणारी होती.

तेवढ्यात ते आले.

सत्तरीचे असावेत. कानटोपी, पांढरे बूट आणि हातात छत्री. पाऊस पडत असताना मिटलेली छत्री! थांबले. आधी गोगलगायीकडे पाहिलं, मग छत्रीकडे, मग छत्रीबाहेरच्या माझ्याकडे. मला वाटलं, "काय हरवलंय?" वगैरे विचारून पुढे जातील. त्यांनी काही विचारलं नाही. ते खाली बसले. एका दमात नाही, तीन हप्त्यांत. प्रत्येक हप्त्याला गुडघा कटकन वाजला. शेवटी त्यांचं नाक गोगलगायीपासून वीतभर अंतरावर आलं. मी मात्र उभाच होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. फोनवर आठ वाजून सोळा मिनिटं.

कन्येने त्यांना जवळचा माणूस म्हणून तिथल्या तिथे स्वीकारलं आणि मनातली शंका विचारली. "ही गाय आहे, तर दूध देते का?"

मी म्हणालो, "नाही बाळा, गोगलगाय हा मृदुकाय संघातला..."

"पूर्वी द्यायच्या," आजोबा म्हणाले.

मी थक्क. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. आमच्या वेळी असं नव्हतं, हे सांगताना जी एक गंभीर उदासी असते, ती.

"मग आता का नाही देत?"

"आता कोणाला वेळ आहे?" आणि त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं.

मी फोन खिशात घातला. मग म्हटलं, आपण मागे का राहायचं? कन्येने पुढचा प्रश्न टाकला, "हा मुलगा आहे की मुलगी?" हे मला पक्कं माहीत होतं. मी झडपच घातली. "दोन्ही! बागेतली ही गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही!" आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लहान मुलांसमोर काय बोलावं याचं ताळतंत्र सुटलेला एक बाप इथे उभा आहे. मग कन्येकडे वळून निर्णय दिला, "मुलगी आहे. चालण्यावरून कळतं."

"हो ना," कन्या म्हणाली. ती स्वतःही तशीच चालते.

इथवर मी सोसलं. पण पुढे कन्या म्हणाली, "हिचं घर लहान आहे," आणि आजोबा म्हणाले, "लहानच असतं सुरुवातीला. मोठी झाली की बदलते. चांगलं ऐसपैस रिकामं घर बघते, सामान उचलते आणि जाते राहायला." आता मात्र माझ्यातला जागरूक नागरिक उसळला.

"अहो आजोबा, ते खेकड्यांचं! समुद्रकाठी शंखात राहणारा खेकडा असतो ना, तो बदलतो घर. गोगलगाय अंड्यातून निघते तीच शंख घेऊन. तो तिच्या अंगाचाच भाग. ती वाढते तसा तोही कडेकडेने वाढत जातो."

"तुम्ही पाहिलंय?"

"वाचलंय."

"वाचलंय," ते कन्येला म्हणाले. 'ताप आहे त्याला' म्हणावं, त्या सुरात. कन्येने माझ्याकडे दयेने पाहिलं. आठ बावन्नला गोगलगाय गवतात शिरली, आजोबा तीन हप्त्यांत उठले, आणि शाळेचं फाटक बंद होऊन बावीस मिनिटं झाली होती.

आता मला एक सांगा. 'मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात वाढू द्या' असं ज्याला त्याला वाटतं. पालकसभेत बाईंनाही वाटतं. पण तो निसर्ग साडेआठच्या आत उरकलेला हवा. त्याच शाळेतून त्याच आठवड्यात एक कागद आला : 'पावसाळ्यात दिसणारा एक प्राणी. चित्र कापून चिकटवा. रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नये. शुक्रवारपर्यंत.' खाली ठळक अक्षरांत : 'जिवंत प्राणी आणू नयेत.' म्हणजे खऱ्या गोगलगायीपाशी पोरीने अर्धा तास बसकण मारली की माझी वहीत सही, आणि छापील गोगलगायीला गोंद लावला की तिला चांदणी. रात्री दहाला ते चित्र कोण कापतं? रेषेबाहेर गेलेला रंग खोडायचा कसा, हे कोण शोधतं? सान्निध्य मुलांचं, आणि चड्डीचा चिखल माझ्याकडे. बोलायला लागलो तर बरंच आहे.

त्या रात्री मी हट्टाने वाचत बसलो. आपल्याकडे 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात, ते वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला. पण प्राणिशास्त्रज्ञांनी ग्रीक शब्द जोडून या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' नाव दिलं, त्याचा अर्थही पोट आणि पाय! आपल्या आज्यांना हे ग्रीकशिवाय दिसलं होतं. डोळे लांब शिंगांच्या टोकावर. जिभेसारख्या पट्टीवर हजारो बारीक दात. आणि तो जेरेमी! २०१६ साली लंडनमधल्या खताच्या ढिगाऱ्यात सापडलेली एक गोगलगाय. त्या जातीतल्या जवळजवळ सगळ्यांचे शंख उजवीकडे वळलेले, याचा डावीकडे. त्यामुळे शरीराची सगळी मांडणीच उलटी, आणि उजव्यांशी जोडी जमेना. नॉटिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी लोकांना जाहीर आवाहन केलं, याला डावखुरं स्थळ शोधा. दोन सापडली, आणि त्या दोघांनी आधी आपसातच जमवलं. जेरेमी बघत राहिला. पुढे २०१७ साली त्यातल्या एकाशी त्याचं कसंबसं जुळलं, पिल्लं झाली, ती सगळी उजवी निघाली आणि ऑक्टोबरात जेरेमी गेला. मला भरून आलं. मी सकाळी ही कहाणी कन्येला अगदी रंगवून सांगितली. तिने नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्याला मोठं घर मिळालं का?"

त्याच सकाळी वाटेवर आजोबा आमच्या आधी हजर. आज छत्री उघडी होती, कारण तिच्याखाली एक वस्तू जपून आणली होती : चांगला मुठीएवढा, पांढरा, रिकामा समुद्री शंख. कपाटातून काढला असावा. एका बाजूला धूळ होती. "आणलंय घर," एवढंच म्हणाले आणि हप्त्याहप्त्याने बसले. गवताच्या कडेला गोगलगाय होती. कालचीच होती असं मी शपथेवर सांगणार नाही. कन्या सांगेल. शंख तिच्या वाटेत ठेवला गेला. मी दोन्ही छत्र्या धरल्या.

मी मनातून निश्चिंत होतो. विज्ञान माझ्या बाजूचं. ती वळसा घालून जाईल, आणि मग मी फार न बोलता नुसता हसेन.

गोगलगाय आली. थांबली. शिंगं लांब करून शंख हुंगला. आणि वळसा न घालता सरळ त्यावर चढून, तोंड शंखाच्या दाराशी लावून स्थिर झाली. कन्येने श्वास रोखला. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ती खातेय त्याला!" मी ओरडलो. "तिच्या शंखाला कॅल्शियम लागतं, म्हणून ती दातांनी दुसरा शंख किसून खाते! आत नाही जात ती!"

"बाबा," कन्या हळूच म्हणाली, गोगलगायीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "घर कोणी खातं का?"

आठ बेचाळीसला मी फाटकापाशी वही उघडली. कारणाच्या रकान्याशी पेन क्षणभर थांबलं. मग लिहिलं : घर बदलत होतो.

दुपारी बाईंचा फोन आला. नवीन पत्ता मागायला.